सालोमालोची मुद्रा

ज्येष्ठात तुकोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून निघाली, की हडपसरला दोन वाटा फुटतात. माउली दिवे घाटाकडे वळतात. तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जातात आणि जाताना आमच्या मांजरीच्या शिवेवरून जातात. काही वर्षांपूर्वी त्या रस्त्याच्या कडेला उभा होतो. दिंड्यांत अभंग चालू होते आणि चहा-केळी वाटणाऱ्या एका मंडपातल्या कर्ण्यावर 'आधी बीज एकले' लागले होते. शेजारी उभे असलेले एक निवृत्त गुरुजी हात जोडून म्हणाले, "तुकोबांनी एवढ्याशा अभंगात सगळा वेदान्त आणला बघा." मी म्हटले, "गुरुजी, हे तुकोबांचे नाही. शांताराम आठवल्यांचे आहे. प्रभातच्या सिनेमासाठी लिहिलेले." ते रागावले नाहीत. कीव आल्यासारखे माझ्याकडे पाहत म्हणाले, "गाथेत असेल हो. तुम्ही नीट पाहिले नसेल."

गाथेत ते नाही. १९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत तुकाराम' काढला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, संगीत केशवराव भोळ्यांचे, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. त्यात हे गाणे आठवल्यांनी स्वतः रचले. गाण्यात 'तुका म्हणे' अशी मुद्रा नाही. आठवल्यांनी ती घातली नाही. पण गाणे इतके बेमालूम उतरले, की मुद्रा लोकांनी मनानेच घातली. गंमत अशी, की याच चित्रपटात नेमका उलटा उद्योग करणारे एक पात्र आहे. त्याचे नाव सालोमालो. तो तुकोबांचे अभंग उचलतो आणि आपल्या नावावर खपवतो.

वाङ्मयचौर्याविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा विद्यापीठाच्या नियमांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. मला वाटते, सुरुवात या सालोमालोपासून करायला हवी. तो चित्रपटासाठी बनवलेला नाही. तुकोबांनी त्याचे नाव घेऊन अभंग रचले आहेत आणि ते गाथेत आहेत.

त्यातल्या एका छोट्या अभंगाचा आशय असा: हरीचे दास म्हणवून यांनी सगळ्याचा नाश केला, एकाचे ते आपले म्हणतात, संतांची वचने मोडून आपल्यासाठी भूषणे करतात. अभंगातली क्रियापदे अनेकवचनी आहेत. त्यामुळे सालोमालो एक होता, की सालो आणि मालो असे दोघे, की तशा मंडळींचा जथाच, हे कोडे राहतेच. तक्रार मात्र स्पष्ट आहे, आणि ती एक नाही, दोन आहेत. 'एकाचे आपले म्हणणे' ही पहिली. ती सगळ्यांच्या लक्षात येते. 'मोडणे' ही दुसरी, आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मोडणे हा सराफकट्ट्यावरचा शब्द आहे. चोरलेला दागिना कोणी आहे तसा अंगावर घालत नाही. ओळखू येऊ नये म्हणून तो मोडतात आणि त्याच सोन्याचा दुसरा घडवतात.

अभंगाच्या बाबतीत हे मोडणे कसे घडले असेल? मला एक तर्क सुचतो. अभंग हा अक्षरांच्या मोजणीवर उभा असतो. 'तुका म्हणे' ही चार अक्षरे. 'सालोमालो म्हणे' ही सहा. सहा अक्षरी चरणाच्या अभंगात तुकोबांचे नाव घेऊन दोन अक्षरे शिल्लक राहतात आणि त्या दोन अक्षरांत पुढच्या वाक्याची सुरुवात होते. सालोमालोचे नाव घेतले की चरणच संपला. म्हणजे नुसते नाव बदलून भागत नाही. पुढचे शब्द ढकलावे, कापावे, बदलावे लागतात. नावाची चोरी करायला गेले, की अर्थाचीही मोडतोड होते. हा केवळ तर्क आहे, सालोमालोची वही कोणी पाहिलेली नाही. पण 'वचने मोडून' या शब्दांचा मला लागलेला अर्थ हा असा आहे.

छापखाना नसलेल्या काळात मुद्रा म्हणजे काय होते, हेही आठवायला हवे. पुस्तकाचे मुखपृष्ठ नव्हते, प्रकाशक नव्हता, कीर्तनात ऐकलेले माणूस घरी घेऊन जाई ते कानात. कर्त्याचे नाव सुरक्षित राहायची जागा एकच, शेवटचा चरण. ती जागा गेली की माणूसच गेला.

मांजरी बुद्रुकहून नदीचा पूल ओलांडला की मांजरी खुर्द, आणि तोच रस्ता पुढे वाघोलीला जातो. वाघोलीचे रामेश्वरभट्ट. त्यांच्या विरोधापायी तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. सालोमालोची कथा तेवढी कोणी सांगत नाही. मला मात्र हे दोघे शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. वाघोलीच्या विद्वानाला तुकोबांचे शब्द बुडवायचे होते, पण ते तुकोबांचेच शब्द म्हणून. सालोमालोने शब्द तारले आणि तुकोबा बुडवले. रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचे भक्त झाले. आजही घरोघर म्हटली जाणारी तुकारामांची आरती त्यांची आहे, आणि तिच्यात तुकोबांचे नाव तुकोबांच्या जागी, रामेश्वराचे नाव रामेश्वराच्या जागी आहे.

आता अडचणीचा प्रश्न. तुकोबा तरी सगळे स्वतःचेच बोलत होते काय? ते स्वतःच नाही म्हणतात. आपण संतांचे उष्टे बोलतो आहोत, असे त्यांनी सांगितले आहे. कवित्वाची सुरुवातही ते आपल्याकडे घेत नाहीत. स्वप्नात पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेव आले आणि त्यांचा शतकोटीचा राहिलेला आकडा पुरा करायचे काम सांगून गेले, असे ते लिहितात. म्हणजे तुकोबांच्या लेखी त्यांची सगळी कविता दुसऱ्याचे अपुरे काम आहे. असा माणूस सालोमालोवर चिडतो, तेव्हा 'हे माझे होते' अशी मालकीची भाषा त्याच्या तोंडी बसत नाही. फरक एवढाच, की तुकोबांनी उष्टे खाल्ले आणि कोणाच्या ताटातले ते सांगितले.

ही रीत तुकोबांच्याही आधीची आहे. गीतेवर मराठीत लिहिताना ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी नोंदवले, की आपण व्यासांचा माग काढत आणि भाष्यकारांना वाट विचारत इथवर आलो. शके १२१२, म्हणजे १२९०. तळटीप हा शब्द मराठीत यायला अजून सहा शतके होती, पण 'वाट विचारली' ही कबुली आजच्या कोणत्याही तळटिपेपेक्षा नेमकी आहे. त्यात दुसऱ्याचे ऋण आहे आणि पाय मात्र स्वतःचे आहेत.

पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठांची शुद्धी केली. तोवर नकलाकारांनी आणि हौशी कवींनी ग्रंथात बरेच मिसळले होते. त्या कामाच्या शेवटी एकनाथांनी इशारा देऊन ठेवला, की यापुढे ज्ञानेश्वरीत जो स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. एकनाथ स्वतः थोर कवी. चार ओव्या घालून त्या पचवणे त्यांना जड नव्हते. त्यांनी घातल्या नाहीत. दुसऱ्याचे आपल्या नावावर घेणे हा जसा एक गुन्हा, तसे आपले दुसऱ्याच्या नावावर चढवणे हाही त्यांनी गुन्हाच मानला.

या दुसऱ्या प्रकाराला आपण वाङ्मयचौर्य म्हणत नाही, भक्ती म्हणतो. त्यामुळे गाथा फुगत गेली. मुंबई सरकारने दिलेल्या २४,००० रुपयांच्या साह्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून जी गाथा काढली, तिच्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. तुकाराम तात्यांच्या १८८९ च्या आवृत्तीत आठ हजारांहून अधिक. उलट, वि. ल. भावे यांनी संताजी जगनाड्यांच्या वहीवरून १९१९-२० मध्ये 'अस्सल गाथा' छापली, तिच्यात दीड हजारही नाहीत. या आकड्यांच्या मधल्या जागेत किती अनाम माणसे 'तुका' होऊन बसली असतील! त्यांना चोर म्हणवत नाही. पण त्यांचीही नावे गेलीच.

या गर्दीत मला सर्वांत आदर वाटतो तो तुकोबांच्या धाकट्या भावाबद्दल. कान्होबांचे अभंग गाथेतच आहेत. त्यांना 'तुका म्हणे' लिहिणे सर्वांत सोपे होते. घर एक, बोली एक, विठोबा एक. त्यांनी लिहिले 'तुकयाबंधु'. भावाच्या नावाला धरून, पण भावाच्या नावात न मिसळता. मराठीतला एवढा प्रामाणिक संदर्भ मला दुसरा माहीत नाही.

संस्कृतातल्या शास्त्रकारांनी या विषयाचा कीस काढला आहे, तिकडे एक चक्कर मारून येऊ. राजशेखर दहाव्या शतकाच्या आरंभीचा. त्याच्या पणजोबांना, अकालजलदांना, 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणत, तेव्हा तो आपल्याला अगदीच परका नाही. त्याची 'काव्यमीमांसा' १९१६ साली बडोद्याला गायकवाडांच्या प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापली गेली. तिच्यात तीन अध्याय फक्त हरणावर आहेत. शब्दहरण पाच प्रकारचे: पदाचे, चरणाचे, अर्ध्या श्लोकाचे, वृत्ताचे आणि सबंध रचनेचे. मग अर्थहरण वेगळे. त्यातला पहिला प्रकार 'प्रतिबिंबकल्प'. अर्थ सगळा तोच, फक्त वाक्याची मांडणी निराळी. राजशेखर हा प्रकार टाकाऊ ठरवतो. आज शब्दकोश उघडून 'महत्त्वपूर्ण'च्या जागी 'मोलाचे' आणि 'योगदान'च्या जागी 'कामगिरी' घालत परिच्छेद 'स्वतःच्या भाषेत' आणणारे सगळे याच आरशात उभे आहेत. चौथा प्रकार 'परपुरप्रवेश'. मूळ तेच, पण मांडणीचा थाट इतका वेगळा की नवेच काही उभे राहते. त्याला मान्यता आहे.

राजशेखराचा एक दोष म्हणा किंवा मोकळेपणा म्हणा, तो चोरीची समर्थनेही नोंदवतो. इतर चोरी काळाने विरते, पण वाणीची चोरी मुलानातवंडांपर्यंत विरत नाही, असे आचार्यांचे मत तो देतो. आणि लगेच आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे म्हणणे देतो: तो अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध, त्याला प्रतिष्ठा नाही आणि मला आहे, अशा कारणांनी दुसऱ्याचे घेता येते. ती हे गंभीरपणे म्हणत होती की उपरोधाने, मला ठरवता आलेले नाही. पण हजार वर्षांपूर्वीचे ते वाक्य वाचताना जिल्ह्याच्या गावात बसून बखरी नि बाडे चाळणारी, कोणत्याही संस्थेचे नाव पाठीशी नसलेली कितीतरी माणसे माझ्या डोळ्यांसमोर येतात. चोरी बहुधा वरून खाली होते. त्या अप्रसिद्ध माणसांचे पुढे काय होते ते कोणी विचारत नाही.

छपाई आल्यावर सगळे बदलले आणि काही बदलले नाही. मुद्रेची जागा मुखपृष्ठाने घेतली. इंग्रजी पुस्तके हाती आली आणि 'रूपांतर' हा मराठी लेखकाचा मोठा उद्योग झाला. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीच्या आधाराने उभी आहे. देवलांचा 'झुंजारराव' म्हणजे ऑथेल्लो. त्यांच्या 'संशयकल्लोळ'चे कूळ मोलिएरपर्यंत जाते, तेही मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराच्या घरून. यांना चोर म्हणणे अडाणीपणाचे होईल. फाल्गुनराव पुण्याचाच आहे, त्याला पॅरिसला परत पाठवता येणार नाही. परपुरप्रवेश तो हाच.

कायद्याचा इथे फारसा उपयोग नाही, हे एकदा स्पष्ट केलेले बरे, कारण बरेच जण दोन्ही एकच समजतात. १९५७ चा कॉपीराइट कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे निःसंदिग्ध सांगितले. संरक्षणही लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षेच. तुकोबांवर आज कोणाचाच कॉपीराइट नाही. त्यांचा अभंग कोणीही छापावा, विकावा. पण तो आपल्या नावावर छापला तर कायदा गप्प बसला तरी तो माणूस सालोमालोच.

आता हे सगळे लिहायला बसलो त्याचे कारण सांगतो.

आमच्या भागातली एक मुलगी संतसाहित्यावर पीएच.डी. करते आहे. एक प्रकरण मला वाचायला घेऊन आली. गाथेच्या पाठांवरच्या त्या प्रकरणात तिने माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या एका लेखातले वाक्य उद्धृत केले होते. अवतरणचिन्हे, माझे नाव, अंक, वर्ष, पृष्ठ, सगळे जागच्या जागी. माझे शिक्षण रीतसर झालेले नाही. जे शिकलो ते ग्रंथालयाच्या टेबलावर, नोकरी सांभाळून. प्रबंधात माझे वाक्य आले याचा आनंद झाला नाही म्हटले तर खोटे होईल. ते वाक्य मी तिला दोनदा वाचून दाखवायला लावले.

रात्री जुनी वही काढली, त्या लेखाचे टिपण पाहावे म्हणून. वाक्य वहीत होते. त्याच्या वरच्या आणि खालच्या ओळी एका जुन्या अभ्यासकाच्या पुस्तकातून उतरवलेल्या होत्या, त्यांना पृष्ठांक होते. या वाक्याला पृष्ठांक नव्हता, अवतरणचिन्हे नव्हती. शाई तीच, अक्षर माझेच. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन ते पुस्तक काढले. वाक्य तिथे होते. एक शब्द मी बदललेला होता, आणि तो बदल वाईट होता.

मी चोरी करायला बसलो नव्हतो, हे मला ठाऊक आहे. पण वाचकाला ते कसे ठाऊक असणार? वीस वर्षांत ते वाक्य मला इतके आपले वाटू लागले होते, की ते कधी सुचले याची आठवणही मनाने तयार केली होती. सालोमालोलाही असेच झाले असेल का? रोज कीर्तनात म्हणता म्हणता अभंग तोंडात बसतात, कोणाचे ते मागे पडते. मी त्याची बाजू घेत नाही. पण गावातल्या एका भामट्याची गोष्ट म्हणून ती आता मला वाचता येत नाही.

पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि पृष्ठांक मी ज्या मासिकात लेख आला होता त्याच्या संपादकांना लिहून कळवला आहे. दुरुस्ती तिथेच छापली जावी. इथे नाव घेऊन कबुलीचे कौतुक करून घेणे मला पटत नाही. वहीची शिस्त मात्र तेव्हापासून बदलली. डाव्या पानावर दुसऱ्याचे, उजव्या पानावर माझे. डावीकडचे प्रत्येक वाक्य अवतरणचिन्हांत आणि पृष्ठांकाशिवाय एकही नाही, घाई असली तरी. एखाद्याचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगायचे असेल तर पुस्तक मिटून, थोडे फिरून येऊन लिहितो आणि मग उघडून ताडून पाहतो. पुस्तक समोर उघडे ठेवून लिहिलेले 'माझे शब्द' प्रतिबिंबकल्पच निघतात, हे मी स्वतःच्या जुन्या लेखांत तपासून पाहिले आहे. आणि त्यालाही संदर्भ द्यावाच लागतो. शब्द आपले असले तरी वाट दुसऱ्याने दाखवलेली असते.

ती मुलगी आठवड्याने परत आली. तिला काळजी वेगळीच होती. प्रबंध सादर करण्याआधी संगणकावर साम्यतपासणी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांत सुधारून द्यायचे. ४० ते ६० मध्ये वर्षभर थांबायचे. ६० च्या वर नोंदणीच रद्द. "काका, माझे नऊ आले," ती म्हणाली. "चालेल ना?"

चालेल, मी म्हटले. पण हे नऊ कशाचे, ते तिलाही सांगितले. ते यंत्र शब्दाला शब्द लावून पाहते. योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य नियमच सोडून देतो. इंग्रजी पुस्तकाचे पानच्या पान मराठीत आणले तर त्याला सहसा पत्ता लागत नाही. जुने मराठी लेख श्रीलिपीसारख्या टंकांत बसवलेले असतात. यंत्राच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची खिचडी असते, युनिकोडमधल्या मजकुराशी ती जुळत नाही. जुनी पुस्तके तर नुसती छायाचित्रे. उलट, सालोमालो त्याच्या तावडीत पहिल्या झटक्यात सापडला असता.

मग मी तिला ते जुने पुस्तक दाखवले, पान उघडून. तिने वाचले, आपल्या प्रकरणातले वाक्य पाहिले, परत पुस्तक पाहिले. तिच्या प्रबंधात ते वाक्य अवतरणात होते आणि संदर्भ दिलेला होता, त्यामुळे नऊ टक्क्यांत ते मोजलेच गेले नव्हते. नियमाने ते निर्दोष होते.

"म्हणजे मी आता तुमचे नाव काढू?" तिने विचारले.

"काढ," मी म्हटले. "आणि शब्दही मूळचाच घाल. माझा नको."

तिने पेन्सिलीने माझ्या नावावर रेघ मारली आणि पृष्ठांक विचारला.